निघतानाची हाक

१

तंबू उतरवायचा म्हणजे आधी मागच्या खुंट्या काढायच्या, मग बाजूच्या, आणि समोरच्या सगळ्यात शेवटी. हा क्रम जयवंतनं कधी मोडला नव्हता. भांडुपच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात पंधरा वर्षं काढलेला माणूस तो. क्रम मोडला की दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं त्याला.

तंबू चोरबाजारातून आणलेला, लष्कराचा जुना. वर्षातून एकदा, जानेवारीत, जंगलखात्याची चिठ्ठी मिळाली की तो बाहेर निघायचा. जयवंत, कारखान्यातलाच व्हिक्टर आणि बाळ, आणि चौथा जयवंतचा मुलगा नंदू. मुलुंड कॉलनीच्या मागचा डोंगर चढून तुळशी तलावाच्या दिशेनं दीडेक तास चाललं की एक ओढा लागतो. पलीकडे सपाट कातळ, अलीकडे चार माणसं निजतील एवढी मोकळी जागा. शनिवारी दुपारी जायचं, रविवारी दुपारी परतायचं.

सत्तरच्या जानेवारीनंतर मात्र तंबू माळ्यावरच राहिला. त्या वर्षी सहलीहून आल्यावर चौथ्या दिवशी नंदूला ताप भरला. विषमज्वर, डॉक्टर म्हणाले. बारा वर्षांचं पोर एकविसाव्या दिवशी गेलं.

दोन वर्षांनी तंबू काढला तो सुलाच्या हट्टामुळं. सुला, म्हणजे सुलक्षणा, नंदूची धाकटी बहीण. दहा वर्षांची, आणि तोंडाला जराही उसंत नसलेली. "दादाला न्यायचात, मला का नाही?" हे तिनं महिनाभर चालवलं. शेवटी नंदूचे कॅनव्हासचे बूट पुढं कापूस कोंबून तिनं पायांत घातले आणि जयवंतला नाही म्हणवेना.

आता रविवारचे चार वाजत आले होते. बाळनं पातेलं राखेनं घासून पिशवीत टाकलं होतं. व्हिक्टर तंबूची गुंडाळी पाठीवर चढवत होता. सुला ओढ्यापलीकडच्या कातळावर बसून बुटाच्या नाडीशी झगडत होती. जयवंतनं नंदूला एक गाठ शिकवली होती. नाडीचा एक वेढा घोट्याभोवती घ्यायचा आणि वर तंबूच्या दोरीची गाठ मारायची, कितीही चाललं तरी न सुटणारी. सुलाला त्यातले शब्द तेवढे पाठ होते. बोटं ऐकत नव्हती.

"वरून, खालून, आतून, ओढ," ती पुटपुटत होती. "बाबा, परत सुटली! थांबा ना हो!"

"थांबलोय गं. चालू दे तुझं."

वाटेच्या तोंडाशी एक कुसुंबाचं झाड होतं. निघताना जयवंत त्याच्याखाली उभा राहायचा. ही त्याच्या आईची सवय. देवगडकडच्या गावात शेतातून, नदीवरून, रानातून निघताना ती हद्दीवर उभी राहून एकेकाला नावानं हाक मारायची, "चल रे जयवंता, घराक चल." एकही नाव गाळायची नाही. सगळ्यांत शेवटी ती स्वतःलाच हाक मारायची, आणि पोरं फिदीफिदी हसायची. कोणी मागं राहू नये म्हणून, एवढंच ती सांगे. जयवंतचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आईमागं तिचं काही उरलं असेल तर ते एवढंच.

"झाली सायबाची हजेरी सुरू," व्हिक्टर म्हणाला. "बाळ, मस्टर काढ रे. लेट मार्क पडेल."

जयवंत हसला आणि नेहमीच्या सुरात, नेहमीच्या क्रमानं, हाक मारून मोकळा झाला.

"चल रे व्हिक्टर, घरी चल. चल रे बाळ, घरी चल. चल रे नंदू, घरी चल. चल रे जयवंता, घरी चल."

चार माणसं होती. चार नावं झाली.

२

अर्धा डोंगर उतरेपर्यंत व्हिक्टर गप्प होता. त्याचं गप्प असणं विचित्रच. मरोळच्या गावठाणातला हा माणूस मयतालाही कुणाच्या तरी कानात कोटी करणारा.

"जयवंत, राग मानू नको," तो शेवटी म्हणाला. "मघाशी तू नंदूचं नाव घेतलंस."

जयवंत थबकला. त्यानं मनात पुन्हा हाक मारून पाहिली. खरंच.

"जिभेला सवय रे."

"ते कळलं मला. पण सुलाचं घेतलं नाहीस."

"सुला काय, चाललीय ना ही पुढं!"

सुला खरोखरच पुढं चालत होती. कातळावरून ती कधी उठून आली, ते गडबडीत कुणी पाहिलं नव्हतं. येताना तिनं प्रत्येक झाडाचं नाव विचारून बाळला भंडावलं होतं. आता ती एक शब्द बोलत नव्हती, आणि वाटेला दोन फाटे फुटायचे तिथं न विचारता बरोबर फाटा धरत होती.

"दमली पोरगी," बाळ म्हणाला.

जयवंतला दोन वर्षांपूर्वीची निघण्याची वेळ आठवत होती. नंदू तेव्हा हाकेची वाट न बघता उड्या मारत पुढं गेला होता. "पोरगा पळाला पुढं, आता हाक कोणाला मारतोस यार?" व्हिक्टर म्हणाला होता, आणि खरंच की, म्हणून जयवंतनं ते एक नाव गाळलं होतं. पुढं जे झालं ते दूषित पाण्यानं झालं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. शिकलेल्या माणसानं दोन गोष्टींची सांगड घालू नये. ही गोष्ट त्यानं फक्त सुगंधाला, आपल्या बायकोला, एकदाच सांगितली होती. ती ऐकून उठून आत गेली होती, आणि त्यानंतर तो विषय घरात निघाला नव्हता.

घरी पोचल्यावर सुलानं दारात बूट काढले आणि भिंतीशी जोडून ठेवले. ती बूट नेहमी भिरकावते. जयवंतनं खाली वाकून पाहिलं.

दोन्ही नाड्यांना घोट्याचा वेढा होता, आणि वर तंबूची गाठ. घट्ट, नेटकी, टोकं आत खोचलेली.

"कोणी बांधून दिली गं? व्हिक्टरकाकांनी?"

"मीच," सुला म्हणाली आणि आत गेली.

शिकली असेल. पोरं अशीच शिकतात, दहा वेळा चुकतात आणि अकराव्यांदा जमतं. जयवंतनं गाठ सोडवायला घेतली. टोकं आत खोचायला त्यानं सुलाला कधी शिकवलंच नव्हतं. ती नंदूची स्वतःची भर होती.

३

सोमवारी सकाळी सुगंधानं वाटीत दूध दिलं. सुलाला साय आवडायची, जास्तीची मागून खायची. त्या दिवशी तिनं साय बोटानं उचलली आणि वाटीच्या कडेला, बाहेरून, चिकटवून ठेवली. मग दूध एका दमात प्यायलं.

सुगंधा ओट्याशी उभी होती. तिच्या हातातला झारा तसाच राहिला. जयवंतनं वर्तमानपत्राआडून पाहिलं, आणि दोघांनीही एकमेकांकडं पाहायचं टाळलं. साय अशी चिकटवणारं या घरात एकच माणूस होतं.

ही सांगड घालायची नाही, जयवंतनं स्वतःला बजावलं. मुलगी भावाची नक्कल करतेय. त्याचे बूट घातले, त्याच्या जागी निजली, भावाची आठवण काढायची तिची ही रीत असेल. कोणी आपल्याला विचारलं तर आपण हेच सांगू.

पण मंगळवारी ती खिडकीशेजारच्या पेटीला टेकून बसली. त्या जागेवर दोन वर्षं कोणी बसत नव्हतं. बुधवारी शेजारच्या सुंदराबाई दारातून ओरडल्या, "काय गं सुले, जीभ मांजरानं नेली काय? तीन दिवस झाले, चाळ कशी सुनी सुनी वाटते!" सुलानं त्यांच्याकडं बघून मान खाली घातली. लाजून. सुला आयुष्यात कधी कोणाला लाजली नव्हती.

सुगंधा मात्र बदलत होती. बुधवारी संध्याकाळी जयवंत कामावरून आला तर घरात घावन्यांचा वास. नंदू गेल्यापासून तिनं घावने केले नव्हते. ती एकेक घावन तव्यावरून काढून ताटात टाकत होती, आणि मुलगी न बोलता खात होती, आणि सुगंधा दुसऱ्या कोणाकडं म्हणून बघत नव्हती.

तिच्या ओठांवर जे होतं ते हसू आहे, हे कळायला जयवंतला थोडा वेळ लागला.

४

गुरुवारी त्यानं अर्धी रजा टाकली आणि एकटाच डोंगर चढला. तिथं काही नाही हे डोळ्यांनी बघायचं आणि परत यायचं, एवढाच विचार होता. ड्रॉइंगमधल्या मापाची शंका आली की तो नेहमी हेच करायचा. अंदाज बांधत बसायचा नाही, खाली कारखान्यात जाऊन माप घ्यायचा.

दुपारचे दोन वाजले होते. ऊन स्वच्छ होतं. तंबूच्या जागेवरचं गवत अजून दबलेलं होतं, चुलीचे तीन दगड काळे होते, खुंट्यांची भोकं दिसत होती. त्यानं ती मोजली. बारा. बरोबर होती. त्याला हलकं वाटलं, आणि आपल्या खुळेपणाची थोडी लाजही वाटली.

तो वळला, आणि त्याला ओढ्याचं पाणी ऐकू आलं. त्या पाण्याच्या आवाजात, किंचित वर, दुसरं काहीतरी होतं.

"वरून, खालून, आतून..."

मग थांबलं. मग एक छोटासा, चिडका सुस्कारा. मग पुन्हा पहिल्यापासून.

"वरून, खालून, आतून..."

कातळावर झाडाची सावली पडली होती. त्या सावलीत काहीतरी वाकलेलं होतं, सावलीहून थोडंसं गडद. दोन वेण्या पुढं लोंबत होत्या. त्या हलत होत्या, कारण खाली हात काहीतरी करत होते. गाठ शेवटपर्यंत जात नव्हती.

"बाबा, थांबा ना हो," ते मान वर न करता म्हणालं. चार दिवस उलटल्याचं त्या आवाजाला ठाऊक नव्हतं.

जयवंत किती वेळ उभा होता, सांगता येणार नाही. हाक मारावी हे त्याला सुचलं नाही. पुढचं त्याला आठवत होतं ते डोंगरपायथ्याच्या रस्त्यावरचं. एक चप्पल पायात नव्हती आणि गुडघ्यातून रक्त येत होतं.

घरी आला तेव्हा सुला पेटीला टेकून बसली होती.

"ही आज बाहेर गेली होती?" त्यानं सुगंधाला विचारलं.

"कुठं जाणार? शाळेतून आली ती इथंच आहे. अहो, रक्त कसलं हे?"

५

मुलगी नळावर पाणी आणायला गेली तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. क्रमानं, काही न गाळता. सुगंधा परातीतलं पीठ मळत ऐकत होती. तिचे हात एकदाही थांबले नाहीत.

"मला सोमवारीच कळलं," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"साय काढली तेव्हा. आई आहे मी त्याची."

"आणि सुला?"

सुगंधा पीठ मळत राहिली.

"सुगंधा, सुला तिथं बसलीय. एकटी. नाडी बांधतेय."

"दोन वर्षं तोही बसला होता." तिनं आता मान वर केली. डोळे कोरडे होते. "तुम्ही नाव गाळलंत म्हणून. तेव्हा तुम्ही गेलात का बघायला?"

जयवंत गुडघ्यावरचं वाळलेलं रक्त खरवडत राहिला.

"चार दिवस झाले हो येऊन त्याला. चारच दिवस. माझ्या हातचं जेवतोय." तिचा आवाज फुटला तो इथं. "पुन्हा त्याला तिथं एकट्याला ठेवून येणार तुम्ही?"

"दोघांना हाक मारली तर?"

"मारा!" ती म्हणाली. मग पुन्हा पीठ मळायला लागली. नळावरून येणारी पावलं जिन्यात वाजायला लागली, तेव्हा हळूच म्हणाली, "नाही. पोर एकच आहे हो समोर. एका पोरात दोघं कुठं मावायची?"

मुलगी कळशी घेऊन आत आली. दोघांकडं तिनं आळीपाळीनं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, असं जयवंतला वाटलं. नंदूला नेहमीच कळायचं.

रविवारी जेवणं झाल्यावर सुगंधानं कॅनव्हासचे बूट आणून मुलीसमोर ठेवले. नाड्या तिनं स्वतःच्या हातानं ओवल्या. मुलीच्या केसांवरून हात फिरवला, कपाळाला ओठ टेकले आणि बराच वेळ तिथंच ठेवले.

"माझ्या सुलाला आणा," ती जयवंतला म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

६

डोंगर चढताना मुलीनं त्याचा हात धरला होता. कुठं जातोय हे तिनं विचारलं नाही. कुसुंबाचं झाड दिसलं तशी तिची पावलं हळू झाली.

"बाबा."

"काय रे?" तो म्हणाला. रे म्हणाल्याचं त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"त्या दिवशी मी फार पुढं नव्हतो गेलो. वळणावर उभा होतो. हाकेची वाट बघत."

जयवंतनं तिचा हात घट्ट धरला. ओढ्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात ते दुसरं. "वरून, खालून, आतून..." आणि सुस्कारा. आवाज गुरुवारपेक्षा बारीक झाला होता.

विचार करत बसलो तर आपल्याच्यानं होणार नाही, हे त्याला कळलं. तो कुसुंबाखाली उभा राहिला आणि ओरडला.

"चल गं सुला, घरी चल!"

पलीकडचा आवाज क्षणभर थांबला.

"...आतून. ओढ."

त्याच्या हातातला हात एकदम घामेजला, चुळबुळला, निसटला. "बांधली! बाबा, बघा, एकदाची बांधली! किती वेळ लागला ना? व्हिक्टरकाका कुठं गेले? पुढं गेले? आणि तंबू कुठाय?" सुला एका पायावर उभी राहून त्याला बूट दाखवत होती. गाठ वेडीवाकडी होती. टोकं लोंबत होती.

त्यानं तिला उचलून छातीशी धरलं. तिच्या खांद्यावरून त्याला कातळ दिसला.

कातळ रिकामा नव्हता. तिथं जे बसलं होतं ते गडबड करत नव्हतं, हाक मारत नव्हतं. त्यानं फक्त एक पाय पुढं पसरला होता. बुटाची नाडी सुटलेली होती. गाठ शिकण्याआधी, पाच वर्षांचा असताना, नंदू दारात बसून असाच पाय पुढं करायचा आणि बाबा वाकून बांधतील याची वाट बघायचा.

चेहरा सावलीत होता. तेवढं तरी बरं झालं.

त्या कातळाकडं आपण एक पाऊल टाकलं की नाही, हे जयवंतला नंतर नीट आठवेना. पाण्याचा गारवा पायाला लागल्यासारखा वाटला होता. पण लगेच तो वाटेवर होता, उतरत होता, आणि सुला त्याच्या पुढं उड्या मारत चालली होती. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, आणि स्वतःला हाकही मारली नाही.

७

वाटभर सुला बोलत होती. माकडं, बाळकाकांचा करपलेला भात, पायाला चावलेला मुंगळा. बोलत होती आणि उत्तराची वाट बघत नव्हती, नेहमीसारखीच. जयवंत तिच्या मागं चालत होता आणि तो आवाज नुसता कानांत साठवत होता. पायथ्याशी, कॉलनीत, चाळीच्या जिन्यात. सुंदराबाई जिन्यात तांदूळ निवडत होत्या. "आली गं बाई मैना!" त्या म्हणाल्या. जयवंतला त्या काही बोलल्या नाहीत. तो त्यांच्या सुपाला वळसा घालून वर गेला.

सुगंधानं दार उघडलं. सुलाचं तोंड बघितल्याबरोबर तिला कळलं. ती खाली बसली आणि तिनं सुलाला पोटाशी धरलं. रडू दोन वर्षांचं होतं, ते एकदम आलं. सुला गुदमरत म्हणत होती, "आई, अगं, काय झालं? मी फक्त नाडी बांधत होते!"

जयवंत उंबऱ्याबाहेर उभा होता. आत जायची त्याला घाई नव्हती. त्या दोघी पुरेशा होत्या.

सुगंधानं पदरानं डोळे पुसले आणि मान वर केली. तिनं त्याच्या दिशेनं पाहिलं, मग गॅलरीच्या टोकापर्यंत, मग जिन्याकडं.

"बाबा कुठं राहिले गं?" तिनं विचारलं.

"येतायत ना," सुला बूट भिरकावत म्हणाली. "दादाची नाडी बांधायला थांबलेत."

सुगंधा उठली. मग तिनं दार हळूच लोटलं. कडी लावली नाही. घरचं माणूस अजून यायचं होतं.

जयवंतनं दार ढकलायला हात उचलला. बोटांत नाडी होती.